खाणीचा हिशेब मांडणारा अध्यक्ष

अमेरिकेचे एकतिसावे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे नाव निघाले की १९२९ ची महामंदी डोळ्यांसमोर येते. शेअर बाजाराची पडझड, बँकांच्या दारातील रांगा आणि बेघरांच्या झोपडपट्ट्यांना त्यांच्याच आडनावावरून पडलेले हूवरव्हिल हे हेटाळणीचे नाव, एवढ्यावरच बहुतेकांच्या लेखी त्यांची ओळख संपते. मात्र व्हाइट हाउसमध्ये पाऊल ठेवण्याच्या तीस वर्षे आधी हाच माणूस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशात एका नव्या सोन्याच्या खाणीची आखणी करीत होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते.

आज कोठेही नवी खाण काढायची म्हटली तर पहिला फावडा पडण्यापूर्वी कागदपत्रांचा मोठा डोलारा उभा राहतो. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल, जनसुनावणी, भूजलाचा अभ्यास, उरलेला गाळ कोठे साठवणार याचे नकाशे आणि खाण संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत करणार याचा आराखडा द्यावा लागतो. हूवर यांच्या तरुणपणी यांतले काहीच नव्हते. नव्या खाणीची जागा तयार करणे हे संपूर्णपणे अभियंत्याच्या विवेकावर आणि मालकांच्या तिजोरीवर सोपवलेले काम होते. त्या काळातील सर्वांत हुशार अभियंत्यांपैकी एकाने ते कसे केले आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत कोणते रकाने नव्हते, हे पाहण्यासाठी हूवर यांचे चरित्र खाणीच्या अंगाने वाचण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८७४ रोजी आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच या खेड्यात क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. वडील लोहारकाम करीत. हर्बर्ट सहा वर्षांचा असताना ते गेले आणि तो नऊ वर्षांचा असताना आईही गेली. अनाथ मुलाची रवानगी दूर ऑरेगनमध्ये डॉक्टर असलेल्या मामाकडे झाली. जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका कंपनीत त्याने पोरवयात कारकुनी केली आणि हिशेबाची गोडी तेथेच लागली. १८९१ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झाले, त्याच्या पहिल्याच तुकडीत तो दाखल झाला. विषय भूगर्भशास्त्राचा होता आणि गुरू होते जॉन ब्रॅनर. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाच्या वाल्डेमार लिंडग्रेन यांच्या हाताखाली सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकंती झाली. १८९५ मध्ये पदवी हाती आली, पण नोकरी मिळेना. तेव्हा नेवाडा सिटी येथील सोन्याच्या खाणीत दहा-दहा तासांच्या पाळीत दगडाच्या गाड्या ढकलण्याचे काम त्यांनी पत्करले. रोजी होती दोन डॉलर.

नेवाडा सिटीचा हा परिसर खाणींच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. याच भागात पाण्याचे प्रचंड झोत मारून अख्खे डोंगर धुऊन काढण्याची पद्धत फोफावली होती. त्यातून निघालेला राडारोडा नद्यांमध्ये सोडला जाई. नद्यांची पात्रे वर आली, पुराचे पाणी शेतांत शिरले आणि मेरिसव्हिलभोवतीची शेते खडी-गाळाखाली गाडली गेली. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत राडारोडा टाकण्यास मनाई करणारा निकाल दिला. सोन्याच्या धंद्यापुढे शेतकऱ्यांचे म्हणणे ग्राह्य धरणारा तो निकाल अमेरिकेतील पर्यावरणविषयक पहिल्या मोठ्या निकालांत गणला जातो. त्यानंतर अकरा वर्षांनी हूवर त्याच डोंगरांत हातगाड्या ढकलीत होते. उजाड कडे आणि गाळाने भरलेले ओढे तेव्हाही तेथे होतेच. म्हणजे खाणीची घाण खाणीच्या हद्दीत थांबत नाही, याचा पुरावा त्यांना पुस्तकात शोधावा लागला नव्हता.

लवकरच सॅन फ्रान्सिस्कोचे नामांकित खाणतज्ज्ञ लुई जॅनिन यांच्या कार्यालयात त्यांचा प्रवेश झाला आणि तेथून नशिबाने वळण घेतले. लंडनच्या बेविक, मोरिंग अँड कंपनीला ऑस्ट्रेलियातील खाणी पाहण्यासाठी अनुभवी अमेरिकी अभियंता हवा होता. अट होती किमान पस्तीस वर्षे वयाची. जॅनिन यांनी बावीस वर्षांच्या हूवर यांचे नाव पाठवले. वय जास्त दिसावे म्हणून त्यांनी दाढी-मिशा राखल्या आणि मे १८९७ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरले.

कूलगार्डी येथे १८९२ मध्ये आणि कालगुर्ली येथे १८९३ मध्ये सोने सापडल्यावर हजारो माणसे या ओसाड मुलखात लोटली होती. सोने होते, पण पाणी नव्हते. जमिनीखाली जे पाणी लागे ते खारट असे. ते उकळून, वाफ थंड करून पिण्याजोगे करावे लागे आणि गॅलनच्या भावाने विकले जाई. पाणी उकळायला लाकूड लागे, म्हणजे पाण्याची टंचाई ही जंगलाचीही टंचाई होऊन बसे. विषमज्वराने छावण्यांमध्ये माणसे मरत होती. प्रवास उंटांवरून. हे उंट हाकणारी माणसे सरसकट अफगाण म्हणून ओळखली जात, पण त्यांतली कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि वायव्य सरहद्द प्रांतातून, म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानातून गेलेली होती. हूवर यांना उंटाची सवारी मुळीच आवडत नसे.

कालगुर्लीच्या उत्तरेला सुमारे २३० किलोमीटरवर, लिओनोरा या वस्तीजवळ सन्स ऑफ ग्वालिया नावाचा एक छोटा खाणपट्टा होता. नाव वाचून आपल्याकडील वाचकाला ग्वाल्हेर आठवेल, पण त्याचा येथे काही संबंध नाही. ग्वालिया हे वेल्सचे जुने काव्यात्म नाव. शोधकर्त्यांना भांडवल पुरवणारा कूलगार्डीचा दुकानदार वेल्सचा होता, त्याच्या मायभूमीवरून हे नाव पडले. १८९६ मध्ये सापडलेल्या या पट्ट्याची १८९७ मध्ये हूवर यांनी पाहणी केली. शिरेची दिशा, तिचा उतार, खोलीबरोबर सोन्याचे प्रमाण टिकेल की नाही याचा अंदाज घेऊन त्यांनी कंपनीला खाण विकत घेण्याची शिफारस केली. जानेवारी १८९८ मध्ये लंडनमध्ये नवी कंपनी उभी राहिली आणि मे महिन्यात हूवर खाणीचे व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. कागदावरची शिफारस प्रत्यक्षात उतरवण्याची जबाबदारी आता त्यांच्याच शिरावर आली.

पुढचे सहा-सात महिने म्हणजे नव्या खाणीची जागा कशी तयार करतात याचा वस्तुपाठच होता. सोन्याची शीर जमिनीत तिरपी उतरत होती. म्हणून सरळ खोल विहिरीऐवजी शिरेबरोबर तिरका जाणारा शाफ्ट मुख्य मार्ग ठरला. त्याच्या तोंडावर माल वर ओढण्यासाठी लाकडी मनोरा हवा होता, पण आसपासची झाडे खुरटी आणि वाकडी. त्यामुळे ऑरेगनचे पाइन लाकूड समुद्रापलीकडून आणावे लागले. १८९९ मध्ये उभारलेला हा मनोरा आजही जतन करून ठेवला आहे. ज्या ऑरेगनमध्ये हूवर यांचे पोरकेपण गेले तेथलेच हे लाकूड. यंत्रे बसवायची, बॉयलर लावायचे, दगड कुटणारी गिरणी शाफ्टपासून किती अंतरावर ठेवायची, सोन्याचा कस तपासण्याची प्रयोगशाळा कोठे बांधायची, हे सारे एकमेकांत गुंतलेले प्रश्न होते. गिरणी चुकीच्या जागी बांधली तर प्रत्येक टन दगड पुढची अनेक वर्षे उगाच जास्त अंतर वाहून न्यावा लागतो. चढावर बांधली तर तो खेचावा लागतो. एकदा पाया घातला की चूक सुधारण्याची संधी जवळजवळ नसतेच. हूवर यांचा सारा भर म्हणूनच सुरुवातीच्या आखणीवर होता.

दगड कुटून त्याचा चुरा केल्यावर त्यातले सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढण्याची रीत त्या वेळी नवी होती. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १८८७ मध्ये तिचा शोध लावला होता आणि दहा वर्षांतच जगभरच्या खाणींचे अर्थकारण तिने बदलून टाकले होते. या रीतीला पाणी भरपूर लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पाण्याचा थेंबही मोलाचा असल्याने चिखलासारखा बारीक गाळ दाबयंत्रांत पिळून त्यातले द्रावण परत मिळवण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. पाणी पुन्हा वापरणे ही आज पर्यावरण आराखड्यातली पहिली अट असते. तेथे ती पैशाच्या ओढाताणीतून आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या गोष्टीला किंमत होती तिची बचत झाली.

ज्यांना किंमत नव्हती त्यांचे काय झाले, हे ग्वालियाच्या आसमंतात पाहायला मिळते. बॉयलरना लागणारे इंधन म्हणजे मल्गा नावाचे बाभळीच्या कुळातले काटक झाड. वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या भूमीत ते अतिशय मंद गतीने वाढते. जवळची झाडे संपली तशी लाकडासाठी अरुंद रुळांची खास लोहमार्गिका टाकण्यात आली आणि ती वर्षानुवर्षे दूरदूर सरकत राहिली. ज्या मूळ रहिवाशांची ही भूमी होती, त्यांचे पाणवठे आणि शिकारीची राने या आखणीत कोणत्याच नकाशावर नव्हती. सोने काढून उरलेला गाळ मोकळ्यावर रचला गेला. तो वाऱ्याने उडू नये, पावसाने वाहू नये याची तरतूद कोणी मागितली नव्हती आणि कोणी केलीही नाही.

हे केवळ तेथलेच नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कोलारच्या खाणी इंग्रजी कंपनीने १८८० पासून विकसित केल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद पडल्या. पण सायनाइडची प्रक्रिया होऊन उरलेल्या गाळाच्या टेकड्या गावाच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या. वारा सुटला की त्यांची धूळ घराघरांत शिरते, ही तेथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. सुरुवातीच्या नकाशात कचऱ्याला जागा दिली गेली होती, पण त्याच्या भवितव्याला नव्हती.

ग्वालियात माणसांचा हिशेबही हूवर यांनी तितक्याच काटेकोरपणे मांडला. कामाचे तास वाढवले. रविवारच्या कामाची दुप्पट मजुरी बंद केली. कामाच्या मापाप्रमाणे मोबदला देण्याची पद्धत आणली आणि संघटित ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कामगारांना पर्याय म्हणून इटालियन मजूर मोठ्या संख्येने भरले. टनामागचा खर्च खाली आला आणि कंपनी खूश झाली. कामगारांत मात्र मोठी नाराजी पसरली. परदेशी मजुरांचा प्रश्न पुढे इतका चिघळला की १९०४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यावर शाही आयोग नेमावा लागला. इटालियन मजुरांनी पन्हळी पत्रे आणि चुना फासलेले गोणपाट वापरून स्वतःची घरे उभी केली. व्यवस्थापकासाठी टेकाडावर प्रशस्त बंगला आखण्यात आला. तेथून सारी खाण नजरेच्या टप्प्यात येत असे. आराखडा हूवर यांचा, पण बंगला पुरा होण्याआधीच ते तेथून निघाले होते. १८९८ च्या अखेरीस कंपनीने त्यांना चीनला जाण्यास सांगितले.

मधल्या काळात स्टॅनफर्डमध्ये भूगर्भशास्त्र शिकलेल्या लू हेन्री यांच्याशी त्यांचा विवाह ठरला होता. १० फेब्रुवारी १८९९ रोजी लग्न झाले आणि दुसऱ्या दिवशी नवदांपत्य चीनच्या बोटीत बसले. बॉक्सर बंडाच्या वेळी १९०० मध्ये दोघेही तिएन्त्सिनच्या वेढ्यात अडकले. तेथल्या कोळसा खाणींच्या हस्तांतरावरून लंडनच्या न्यायालयात पुढे मोठा खटला गाजला. १९०१ मध्ये हूवर कंपनीत भागीदार झाले आणि खाणींच्या पाहणीसाठी जगाच्या पाठीवर त्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या.

या काळातील दोन उद्योग त्यांचा दृष्टिकोन नेमका दाखवतात. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे चांदी आणि शिसे काढून उरलेल्या गाळाचे लक्षावधी टनांचे ढीग पडून होते. त्यात जस्त होते, पण ते वेगळे करण्याची पद्धत कोणाला साधत नव्हती. १९०५ मध्ये हूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक कॉर्पोरेशन ही कंपनी उभारली. अनेक अपयशांनंतर खनिजाचे कण फेसावर तरंगवून वेगळे करण्याची रीत यशस्वी झाली आणि टाकाऊ ढिगांतून पैसा निघाला. दुसरा उद्योग ब्रह्मदेशातला. त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली असलेल्या उत्तर शान संस्थानांत बॉडविन येथे चिनी खाणकामगारांनी शतकानुशतके चांदी काढून धातूमळाचे ढीग मागे ठेवले होते. त्या मळात शिसे उरले होते. नव्या कंपनीने आधी तेच वितळवले आणि मग खाणीला हात घातला. हूवर यांना त्या जंगलात मलेरियाने गाठले, पण पुढच्या संपत्तीचा मोठा भाग बॉडविनने दिला.

दुसऱ्यांनी टाकलेल्या कचऱ्यातून संपत्ती काढणारा हा अभियंता स्वतःच्या खाणींच्या कचऱ्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहत नव्हता. ढिगात धातू असेल तर ती मालमत्ता, नसेल तर नुसता ढीग. त्या पिढीतल्या बहुतेक सर्वच अभियंत्यांचा हा दृष्टिकोन होता. एकट्या हूवर यांना त्याबद्दल धारेवर धरणे अन्यायाचे होईल. तरीही दुसरी वाट शक्य होती, हे ब्रोकन हिलनेच पुढे दाखवून दिले.

खाणींच्या भट्ट्यांसाठी झाडे तुटली, उरलेले गवत शेळ्या-मेंढ्यांनी आणि सशांनी फस्त केले आणि ब्रोकन हिल धुळीच्या वादळांचे गाव झाले. वाळूचे ढिगारे कुंपणांवर चढत. एका खाणीत धातूचा कस तपासणारे आल्बर्ट मॉरिस हे हौशी वनस्पती अभ्यासक होते. झाडे लावण्याआधी जमीन जनावरांपासून राखली तर मातीत दडलेले बी आपोआप उगवेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशन नवे बांधकाम हाती घेण्याच्या बेतात असताना कंपनीने त्यांचे ऐकले. सशांनाही शिरता येणार नाही असे कुंपण घालून बावीस एकर जमीन बंद करण्यात आली. थोड्याच काळात तेथे देशी झुडपे आणि गवत तरारले, वाळू थांबली. पुढे गावाभोवती अशा राखीव पट्ट्यांची साखळीच तयार झाली. कंपनी हूवर यांनी उभारण्यास मदत केलेलीच होती, पण त्यांचा तिच्याशी संबंध सुटून बराच काळ लोटला होता. इमारतीच्या पायाआधी कुंपण आणि हिरवळ यांचा विचार करणारा खाण उद्योगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. खर्च म्हणाल तर तारेच्या जाळीचा आणि खांबांचा.

हूवर १९०८ मध्ये भागीदारीतून बाहेर पडले आणि स्वतंत्र सल्लागार झाले. १९०९ मध्ये त्यांचे खाणकामाच्या तत्त्वांवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेला हा ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हातात होता. खाण ही दररोज झिजणारी मालमत्ता आहे, तिच्यात गुंतवलेले भांडवल ती संपण्यापूर्वी परत मिळाले पाहिजे, हा त्यातल्या मूल्यमापनाचा गाभा. विशेष म्हणजे ग्वालियात कामगारांशी कठोरपणे वागलेल्या या लेखकाने येथे कामगार संघटनांचे अस्तित्व आणि सामूहिक वाटाघाटी योग्य ठरवल्या. दहा वर्षांत माणूस बदलतो, तो असा. मात्र खाण संपल्यानंतर त्या जागेचे काय, हा प्रश्न त्याही पुस्तकाने विचारला नाही.

तो प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात होता आणि तो ग्रंथ खुद्द हूवर दांपत्यानेच इंग्रजी वाचकांसाठी आणला. गेओर्ग आग्रिकोला या जर्मन वैद्याने खाणींच्या गावात रुग्ण तपासता तपासता सारी खाणविद्या अभ्यासली आणि लॅटिनमध्ये बारा भागांचा ग्रंथ लिहिला. 'डे रे मेटालिका' हा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वर्षाने, १५५६ मध्ये बाझेल येथे छापला गेला. लॅटिनमध्ये खाणीतल्या वस्तूंना शब्दच नव्हते, म्हणून आग्रिकोलाने ते स्वतः घडवले होते. त्यामुळे भल्याभल्या पंडितांना त्याचा अर्थ लागत नसे. लू हूवर यांचे लॅटिन उत्तम होते आणि हर्बर्ट यांना खाणीचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. सुमारे पाच वर्षे दोघे त्यावर बसले. अर्थ लागेना तेथे ग्रंथात सांगितलेल्या रासायनिक कृती प्रत्यक्ष करून पाहिल्या. १९१२ मध्ये लंडनमधून हा देखणा अनुवाद जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. हूवर यांनी कितीतरी प्रती भेट म्हणूनच वाटल्या. पुढे त्यांनी राजकारणात काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब इतिहासकार करोत, विद्येच्या क्षेत्रातले त्यांचे हे काम मात्र शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

आग्रिकोलाने दुसऱ्या भागात खाणीसाठी जागा निवडताना सात गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. भूमीची ठेवण, तिची स्थिती, पाणी, रस्ते, हवामान, मालकी आणि शेजार. साडेचार शतकांपूर्वीचा हा जणू जागानिवडीचा अहवालच. ग्वालियात हूवर यांनी यांतल्या पहिल्या सहांचा कसून विचार केला होता, असे म्हणता येईल. सातव्याचे काय, हा प्रश्न उरतो. आग्रिकोलाच्या मनात शेजार म्हणजे शेजारचा राजा किंवा लुटारू असे, तर ग्वालियाचा शेजार निःशस्त्र होता.

त्याहून महत्त्वाचा आहे पहिला भाग. त्यात खाणींच्या विरोधकांचे म्हणणे आग्रिकोलाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. खाणींमुळे शेते उद्ध्वस्त होतात. लाकूड अमाप लागते म्हणून राने तोडली जातात आणि राने गेली की पशुपक्षी नाहीसे होतात. खनिज धुतलेले पाणी ओढ्यांना विषारी करते, त्यात मासे मरतात किंवा पळून जातात. त्यामुळे आसपासच्या लोकांना जगणे कठीण होते. प्राचीन इटलीत शेते, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा वाचवण्यासाठी खोदकामावर कायद्याने बंदी होती, याचीही आठवण तो देतो. मग तो उत्तर देतो. खाणी बहुधा ओसाड डोंगरांत असतात, तोडलेल्या रानाची शेते करता येतात आणि धातू विकून आलेल्या पैशात पशुपक्षी-मासे बाहेरून विकत आणता येतात. शेवटचे उत्तर वाचताना आजच्या वाचकाला थबकायला होते. नुकसानभरपाईचा धनादेश दिला की विषय संपला, असे मानणाऱ्या आजच्या कित्येक कंपन्यांचा युक्तिवाद यापेक्षा फार पुढे गेलेला नाही.

या ओळींचा अनुवाद हूवर यांनी केला तेव्हा ग्वालियाची मल्गा राने तुटून दशकाहून अधिक काळ झाला होता. अनुवादाला जोडलेल्या विद्वत्तापूर्ण टिपा पानेच्या पाने व्यापतात.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हूवर यांचे खाणजीवन जवळजवळ संपले. जर्मनव्याप्त बेल्जियममधील उपासमार टाळण्यासाठी त्यांनी उभारलेली अन्नपुरवठ्याची यंत्रणा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. खाणीच्या आखणीत मुरलेला तोच हिशेबीपणा, पण आता टनामागे नफ्याऐवजी माणसांची पोटे मोजली जात होती. लक्षावधी जीव त्यामुळे वाचले.

१९२१ पासून ते वाणिज्यमंत्री होते. हूवर हाडाचे मासेमार, गळ टाकून तासन् तास ओढ्याकाठी बसणारे. जहाजांतून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तेलामुळे किनारे आणि मासेमारी धोक्यात आल्याचे दिसताच त्यांनी कायद्याचा आग्रह धरला आणि १९२४ चा तेलप्रदूषणविरोधी कायदा झाला. तो फारसा कडक नव्हता, पण दुसरीकडे टाकलेली घाण पाण्यातून आपल्या दारी येते हे सूत्र त्यात मान्य झाले. माशांचा कैवार घेणारा मंत्री आणि माशांविषयीची आग्रिकोलाची तक्रार अनुवादित करणारा अभियंता एकच होता. अध्यक्षपदाच्या अखेरच्या आठवड्यांत, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, त्यांनी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीला राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण दिले. चारच महिन्यांत, ते पायउतार झाल्यावर, अमेरिकी काँग्रेसने तेथे खाणकामाला पुन्हा मुभा दिली.

मंदीने तोवर त्यांचे राजकीय आयुष्य संपवले होते. १९३२ च्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपड्यांच्या वस्त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या होत्या. पत्र्याची घरे त्यांना नवी नव्हती. फक्त या वेळी ती टेकडीवरच्या बंगल्यातून दुरून दिसणारी नव्हती, त्यांच्यावर नावाची पाटीच लागली होती. लू १९४४ मध्ये गेल्या. हूवर आणखी वीस वर्षे जगले. लिहीत राहिले, दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा अन्नमदतीच्या कामात उतरले आणि मासेमारीवरही त्यांनी पुस्तक लिहिले.

ग्वालियाची खाण या साऱ्या काळात चालूच होती. त्यांचा अंदाज चुकला नव्हता. ती शीर खोलवर, एक किलोमीटरच्याही खाली गेली आणि पासष्ट वर्षांत सुमारे २६ लाख औंस, म्हणजे जवळजवळ ८२ टन सोने तिने दिले. २८ डिसेंबर १९६३ रोजी खाण बंद झाली. सुमारे बाराशे वस्तीचे गाव तीन आठवड्यांत चाळीसवर आले. सामान बांधून माणसे मिळेल त्या गाडीने निघून गेली. चुना फासलेल्या गोणपाटाच्या भिंती, चुली, पलंग तसेच राहिले. कामगारांचे पुनर्वसन, शाफ्टचे तोंड, गाळाचे ढीग यांसाठी कोणताही निधी बाजूला ठेवलेला नव्हता, कारण १८९८ मध्ये तशी पद्धत नव्हती. याच राज्यात खाण उघडण्याआधीच ती बंद करण्याचा आराखडा सादर करणे २०११ पासून बंधनकारक झाले. सोडून दिलेल्या जुन्या खाणींच्या डागडुजीसाठी खाणचालकांकडून वार्षिक वर्गणी घेणारा कायदा २०१२ मध्ये आला.

खाण बंद पडल्यानंतर दहा महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६४ रोजी, हूवर यांचे न्यूयॉर्कमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. ग्वालियात १९८० च्या दशकात पुन्हा खोदकाम सुरू झाले, या वेळी उघड्या खड्ड्याच्या पद्धतीने. तो खड्डा इतका वाढला की ऑरेगनच्या लाकडाचा मनोरा उचलून दुसरीकडे न्यावा लागला. टेकाडावरचा बंगला राहिला. तो दुरुस्त करून पाहुण्यांना राहण्यासाठी खुला करण्यात आला. ओसरीवर उभे राहिले की समोर खाणीचे गाव दिसावे, अशी त्याची आखणी होती. त्या जागी आता काठाला कुंपण घातलेला खोल खड्डा आहे.